पुडिंगच्या बापाचा राग

मित्रांनो, मी एक जुना कोंबडा आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे बघून कुणाला ते कळत नाही. सात वर्षं लोक माझ्याबद्दल एकच वाक्य बोलत आलेत, “किती गरीब आहे हो हा!” माझी पिसं काळी आहेत, उन्हात त्यांना भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी झाक येते. चाल सावकाश आहे. म्हणून माझं नाव बिशप, म्हणजे काळ्या झग्यातला मोठा पाद्री. आमच्या जातीला ऑस्ट्रलॉर्प म्हणतात आणि केरूना गावच्या थेल्माबाईंकडे ती त्यांच्या आईपासून चालत आलेली आहे.

गरीब कोंबडा आभाळातून पडत नाही, तो घडवावा लागतो. थेल्माबाई नरपिल्लांना वेगळं काढून कुरवाळत बसत नसत. त्या आम्हाला म्हाताऱ्या कोंबड्यांत सोडत. एखाद्यानं आगाऊपणा केला की म्हातारी कोंबडी डोक्यात अशी चोच हाणायची, की आठवडाभर अक्कल ठिकाणावर राहायची. संध्याकाळी बाई बादली पालथी घालून आमच्यात बसायच्या. दाणे हातानं भरवायच्या नाहीत, जमिनीवर टाकायच्या. आणि कुणी पंख पाडून त्यांच्यापुढे तिरका नाचायला लागला, की त्याला काखेत घेऊन सगळी कामं उरकायच्या. कपडे वाळत घालताना काखेत, टपाल आणताना काखेत. तासाभरात त्याची सगळी मस्ती उतरायची. मीही एकदा असा काखेतून गावच्या रस्त्यापर्यंत जाऊन आलोय.

बाईंचा नियम एकच होता. जो माणसावर पाय उचलेल, तो या अंगणातून जाईल. मग त्याला प्रदर्शनात कितीही फिती मिळालेल्या असोत. माझा सख्खा भाऊ असाच रस्सा होऊन गेला. मला वाईट वाटलं, पण नियम सगळ्यांना सारखा होता, म्हणून तक्रार नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात माझे दोन मुलगे वयात येत होते. कॅप्टन देखणा होता. छाती भरलेली, तुऱ्याला सरळ पाच टोकं. पुडिंगच्या तुऱ्याला मात्र बाजूला एक जादा टोक फुटलं होतं, म्हणजे प्रदर्शनातून तो जन्मतःच बाद. पण स्वभाव! किडा सापडला की आधी कोंबड्यांना हाक मारायचा, स्वतः उपाशी राहायचा. माझ्यामागे घराणं कुणी चालवायचं ते बाई ठरवणार होत्या, आणि तेवढ्यात त्या ओल्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

घर सांभाळायला त्यांचा भाचा नोएल आला. दवाखान्याच्या गाडीत बसवतानाही बाई त्याला बजावत होत्या, “दोघांना बिशपजवळच ठेव. खेळवू नकोस त्यांना. आल्यावर मी बघते.”

“मावशी, कोंबडेच आहेत गं, वाघ नाहीत. जा तू निवांत.”

दुसऱ्याच दिवशी त्यानं कॅप्टनला वेगळ्या पिंजऱ्यात नेलं. शेतकी प्रदर्शन जवळ आलं होतं आणि त्याला निळी फीत हवी होती, पहिल्या नंबराची. रोज संध्याकाळी हातात बिअर घेऊन तो जाळीत शिरायचा आणि बूट पुढे करून कॅप्टनला डिवचायचा. कॅप्टन बुटावर झेपावला की कुंपणापलीकडच्या मित्राला ओरडून सांगायचा, “बघ, बघ! काय दम आहे पठ्ठ्यात!” मग बुटानंच त्याला मागे ढकलायचा, की तो पुन्हा झेपावायचा. माझा मुलगा रोज एकच धडा शिकत होता, की माणसाचा पाय दिसला की तुटून पडायचं. मी जाळीच्या अलीकडून ओरडत होतो. नोएल म्हणायचा, “म्हातारा जळतोय.”

निळी फीत मिळाली. नोएलनं ती स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या डोरीनबाई नेहमीसारख्या अंडी न्यायला आल्या. पिंजऱ्याचं दार नुसतंच लोटलेलं होतं. कॅप्टन सुटला आणि त्यानं पायाच्या काट्यानं त्यांची नडगी उभी फाडली. नऊ टाके पडले. संध्याकाळी डोरीनबाईंचा नवरा फाटकात येऊन गरजला, “तो कोंबडा आज गेला पाहिजे, नोएल!”

“जाईल ना, आत्ता जाईल,” नोएल म्हणाला.

आणि मित्रांनो, तो आत आला, कॅप्टनच्या पिंजऱ्यावरून पुढे गेला आणि त्यानं पुडिंगला उचललं. फीतवाला मारायचा नव्हता ना! काळे कोंबडे, सगळे सारखेच, कोण बघतंय? पुडिंग ओरडलासुद्धा नाही. काखेत घेतलं की कपडे वाळत घालायला जायचं असतं, एवढंच त्याला माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी डोळ्यांनी पाहिली. तो शांत होता म्हणून सोपा गेला, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

सहा आठवड्यांनी बाई काठी टेकत घरी आल्या. नोएलनं चेहरा पाडून सांगितलं, “पुडिंग बिथरला गं. डोरीनला फाडलं. काढावाच लागला.” तुमच्याकडे म्हणतात ना, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही? रविवारी डोरीनबाई लंगडत केक घेऊन आल्या.

“पुडिंगनं असं करावं याचं मला फार वाईट वाटलं,” थेल्माबाई म्हणाल्या. “त्या वाकड्या तुऱ्याचा मला भारी लळा होता.”

“वाकडा कुठला? चांगला सरळ होता. गुडघ्याला लटकला होता माझ्या, टोकं मोजता आली असती!”

थेल्माबाई उठल्या आणि कॅप्टनच्या पिंजऱ्यापाशी गेल्या. त्याला काठीकडे बघायचंही सुचलं नाही, तो थेट त्यांच्या बुटाच्या रोखानं जाळीवर धडकला. मग त्यांनी नोएलकडे पाहिलं.

“बुटाशी खेळवलंस ना याला?”

“थोडी गंमत केली. नरात दम नको?”

“पिशवी भर.”

“मावशी! एका कोंबड्यासाठी मला घालवतेस?”

“नियम जुना आहे, नोएल. या अंगणात आधी पाय कुणी उचलला? आणि पुडिंगला तोंड नाही म्हणून त्याच्या नावावर खोटं बोललास. बस सहाची आहे.”

जाताना त्यानं ती फीत नेली. खुशाल नेऊ दे.

बाईंनी कॅप्टनला सुधारायचा प्रयत्न केला. काठी टेकत चालणाऱ्या बाईनं त्याला काखेत घेऊन तीन आठवडे फेऱ्या मारल्या. पण बूट दिसला की त्याचे डोळे फिरायचे, आणि एक दिवस त्यानं बाईंचा हात फोडला. नियम त्यालाही होता. फक्त त्या दिवशी रस्सा झाला नाही, बाईंनी त्याला लिंबाच्या झाडाखाली पुरलं. तो वाईट जन्मला नव्हता. माझाच मुलगा होता तो.

मग राहिलो मी एकटा. “चल म्हाताऱ्या, तुलाच बघावं लागणार,” बाई म्हणाल्या. खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली. आठ रिकामी निघाली, तिनांतून पिल्लं बाहेर पडली. त्यांतलं एक नरपिल्लू आहे, आणि काल त्याच्या तुऱ्याच्या बाजूला एक जादा टोक दिसलं.

“प्रदर्शनात चालायचा नाही हा,” बाई डोळे पुसत हसल्या. “अंगणात चालेल.”

म्हणून मित्रांनो, सांगतो ते नीट ऐका. कुणाच्याही पिल्लाला गंमत म्हणून पायानं डिवचू नका. तुमचा खेळ संपतो, तुम्ही बूट काढून जेवायला बसता. आम्हाला तो खेळ होता हे कुणी सांगत नाही, आणि त्याचे टाके भलत्याला पडतात. आणि शांत आहे म्हणून त्याला काही वाटत नाही, असंही समजू नका.

रोज पहाटे मी आरवतो तेव्हा डोरीनबाई कुंपणापलीकडून म्हणतात, “बिशपचा आवाज या वयातही किती गोड आहे!” मित्रांनो, तो आवाज गोड नाही. मी नोएलला शिव्या देत असतो.