उरलेल्या गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्माने बिस्किटांचा. झाकणावर फुलं छापली होती तेव्हा काय तोरा होता माझा! बिस्किटं आठवड्यात संपली आणि पुढचा सगळा जन्म औषधं सांभाळण्यात गेला. आता कडांना गंज चढलाय, थापटल्याशिवाय झाकण बसत नाही. थकलो मी.

माझी मालकीण शिवणकाम करते. सगळे तिला ताई म्हणतात. कापडाची वीतभर चिंधीही ती टाकत नाही. अडीनडीला कामी येते म्हणते. गोळ्यांचंही तेच. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, की उरलेल्या माझ्या पोटात.

"डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेत," नवऱ्याने एकदा म्हणून पाहिलं.

"बरं वाटतंय ना? मग कशाला उगाच?" असं म्हणून तिने मशीन सुरू केलं. त्या खडखडाटापुढे कोण बोलणार?

शेजारीपाजारी कौतुक करायचे, ताईकडे सगळं मिळतं म्हणून. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणाची गोळी, कशावरची, कधीची, काही पत्ताच नाही. वर्षानुवर्षं ही खिचडी पोटात घेऊन बसायचं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक.

गेल्या महिन्यात ताईची धाकटी बहीण राहायला आली. तिचा घसा धरला होता. ताईने माझ्यातून एक कॅप्सूल काढली. नवऱ्याचा दात दुखत होता तेव्हाची, उरलेली.

"ताई, हे पेनिसिलिन नाही ना? लहानपणी ती सुई टोचली तर सगळं अंग सुजलं होतं माझं."

"अगं, ती सुई. ही साधी गोळी. नाव बघ, अमॉक्सिसिलिन. घे मुकाट्याने."

मला तोंड असतं तर ओरडलो असतो. धाकटीने पाण्याबरोबर कॅप्सूल गिळली.

पंधरा मिनिटांत तिच्या मानेवर गांधी उठल्या. मग ओठ सुजले. मग श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. नवऱ्याने रिक्षा थांबवली आणि काय सुचलं कोण जाणे, मलाही काखोटीला मारलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी धाकटीच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकावर ऑक्सिजन लावला. मग मला उघडलं.

"डबा आणलात हे बरं केलंत. यातलं काय दिलं?"

ताईने पाकीट दाखवलं.

"पेनिसिलिन चालत नाही हे माहीत होतं?"

"हो. पण हे तर वेगळं..."

"नाव वेगळं, घराणं तेच. सुई असो की गोळी, फरक पडत नाही. अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते."

ताई भिंतीला टेकून खालीच बसली.

दुपार कलता कलता धाकटीचा श्वास सरळ झाला. ताईने तिचा हात धरला.

"तू विचारलं होतंस गं. मनात शंका होती, तर घेतलीस कशाला?"

ओठांची सूज अजून उतरली नव्हती. धाकटी सावकाश म्हणाली, "तू दे म्हणालीस ना."

ताई पदरात तोंड लपवून रडली. मलाही फार वाईट वाटलं.

मित्रांनो, माझं आता वय झालं, फार सांगायची ताकद नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्या. एकाच्या दुसऱ्याला देऊ नका. काही सोसत नसेल तर प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक औषधवाल्याला आपणहून सांगा. आणि तुमच्यावर जीव टाकणारं माणूस विचारेल, "यात ते नाही ना?" तेव्हा नक्की ठाऊक नसेल, तर "मला माहीत नाही" म्हणा. ताईने एवढंच म्हणायला हवं होतं.