मोठ्या पडद्यावरचं रुखवत

सुभेदार नाथाजींनी भर मांडवात टाचा जुळवल्या आणि आपल्या होणाऱ्या सुनेला कडक सॅल्यूट ठोकला. फेट्यावरच्या अक्षता खाली सांडल्या.

हे घडलेलं नाही. दोन्ही घरांनी बसून, चहा घेऊन तसं ठरवलंय. तेव्हा वरचं वाक्य तुम्हीही वाचलेलं नाही असं धरून पुढं जाऊ.

माझी ताई, संयोगिता, कॉम्प्युटरवर वस्तू शोधते. गेमच आहे तो. पडद्यावर कुणा गोऱ्या म्हातारीचा माळा उघडतो, त्यात जगातलं सगळं अडगळीचं सामान, आणि खाली नावांची ओळ: घुबड, छत्री, गंजकी किल्ली. किल्ली असते घुबडाच्या शेपटीत. छत्री भिंतीच्या पोपड्यात. मला पाऊण तास बघूनही म्हातारीच दिसते. ताई दोन घोट चहात माळा रिकामा करते.

कंटाळा आला की ती दुसरा गेम लावते, हॉटेलचा. गिऱ्हाइकं येऊन बसतात, प्रत्येकाच्या डोक्यावर लाल बदाम. वाढायला उशीर झाला की एकेक बदाम विझतो, सगळे विझले की गिऱ्हाईक तोंड वाकडं करून उठून जातं. ताईच्या हॉटेलातनं आजवर कुणी उठून गेलेलं नाही. आमच्या माधवनगरात असं एकही खरं हॉटेल मला माहीत नाही.

कॉम्प्युटर तौसीफचा जुना. तौसीफ आमच्या गल्लीतला, लग्नाचं शूटिंग करतो. नवीन मशीन घेतल्यावर जुनं त्यानं ताईला दिलं, आणि आमच्या घरातल्या हरवाहरवीचा इतिहास तिथं संपला. आप्पांचा चष्मा, आईची किसणी, माझी अब्रू, काहीही हरवू दे, ताईला विचारायचं. ती पडद्यावरनं मान न वळवता सांगायची, "पाण्याच्या मोटरीवर, पक्कडीखाली." जाऊन बघावं तर पक्कडीखाली. आईनं तेव्हापासून देवाला वस्तूंसाठी नवस बोलणं बंद केलं. देवालाही बरं वाटलं असणार.

तर शिराळ्याकडचं स्थळ आलं. मुलगा वीरधवल, बँकेत, शांत, बोलायच्या आधी वडिलांकडं बघणारा. वडील म्हणजे सुभेदार नाथाजी. फौजेतून निवृत्त, मिशी अजून नोकरीत.

"छंद काय?" सुभेदारांनी पोह्यांवर नजर ठेवून विचारलं.

"वस्तू शोधती," ताई म्हणाली.

"कसल्या?"

"दडवलेल्या."

सुभेदारांची मिशी खुलली. त्यांना वाटलं, सुरुंग वगैरे. मग ताईनं त्यांना म्हातारीचा माळा दाखवला आणि मिशी मिटली.

"पोरगी लाखात एक हाय," जाताना ते आप्पांना म्हणाले, "पर ह्यो डबा आमच्यात येणार न्हाई. घरात सून पायजे. माऊस फिरवत बसणारी न्हाई."

ताई दारात आली. "आवं मामा, मग मीबी येणार न्हाई."

वीरधवलनं सवयीनं वडिलांकडं बघितलं, मग पहिल्यांदाच ताईकडं बघितलं आणि बघतच राहिला. शेवटी सुभेदार म्हणाले, "डबा रुखवताच्या टेबलावर मांडा. उचलायचा का माघारी धाडायचा, ते लग्नादिवशी सांगीन." फौजेत याला काय म्हणतात माहीत नाही. आमच्यात याला टांगती तलवार म्हणतात.

आता रुखवत. नवरीकडच्या बायका महिनाभर खपून जे टेबल सजवतात ते. पण आमच्यात ते टेबल नसतं, प्रदेश असतो. कुरडयांचे डोंगर, लाडवांचे बुरूज, काडेपेटीच्या काड्यांची विहीर, थर्माकोलचं तुळशीवृंदावन, क्रोशाचे पोपट. त्यात प्रत्येक नातेवाइकाला वाटलं की बैलगाडी कुणाला सुचणार नाही, म्हणून प्रत्येकानं बैलगाडीच आणली. खिल्लारांचा बाजार भरल्यासारखं दिसत होतं. मधोमध बनुआत्याची कलाकृती: नारळाचा नवरा आणि नारळाची नवरी, मुंडावळ्या बांधून, समोरासमोर, मध्ये रुमालाचा इवला अंतरपाट. आणि अगदी टोकाला, क्रोशाच्या झाकणाखाली, निकालाची वाट बघत ताईचा कॉम्प्युटर.

मांडवाच्या एका बाजूला तौसीफनं मोठा पडदा लावला होता. म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसाला स्वतःची जांभई मोठी करून बघता यावी.

मंगलाष्टकं सुरू झाली. ताई अंतरपाटाच्या अलीकडं, वीरधवल पलीकडं, मी ताईच्या मागं. दुसऱ्या कडव्याला माझ्या खांद्यावर एक हात पडला. सुभेदार. चेहरा चुन्यासारखा.

"पावनं," ते कानात म्हणाले, "गोपनीय हाय. डोरलं गावंना झालंय."

डोरलं म्हणजे मंगळसूत्र. अक्षता पडल्या की लगेच लागणारं.

"तुमच्याकडंच होतं की!"

"मांडवात चोर असत्यात. म्हून मी सकाळी दडवलं. दुश्मन आपल्या तळावर शोधतोय, तवा माल दुश्मनाच्याच तळावर ठिवायचा. तुमच्या रुखवतात ठिवलं."

"आम्ही दुश्मन?"

"तवा व्हता." त्यांनी घाम पुसला. "बैलाच्या गळ्यात घातलं. काळं मणी, बैलाचा काळा गोफ. वळखू येत न्हाई. आता समदं बैल तपासलं. न्हाई."

मी तिकडं बघितलं. वीरधवलची आई, दोन चुलते आणि एक अनोळखी गृहस्थ रुखवतातल्या बैलांचे गळे चाचपत होते. लांबून ते खरेदीला आल्यासारखे दिसत होते.

कुजबुज पसरायला लागली. दागिना गेला. कुणी नेला? आचाऱ्याकडं माना वळल्या, मग मांडववाल्याच्या पोरांकडं. आप्पा खाली मान घालून उभे. आमच्या दारात, आमच्या टेबलावरनं, पाहुण्यांचं डोरलं गेलं. सुभेदारांना खरं सांगायचं तर भर सभेत म्हणावं लागणार होतं की सुनेचं मंगळसूत्र मी बैलाला घातलं.

गुरुजी वाईचे, अनुभवी. परिस्थिती ओळखून त्यांनी मंगलाष्टकं ताणली. कडवी संपली तशा नद्या घेतल्या. नद्या संपल्यावर धरणं सुरू केली. वाईचे असल्यामुळं पहिलं धोम आलं.

"ऋषी," मुंडावळ्यांतून ताईचा आवाज. मान खालीच. तिनं सगळं ऐकलं होतं. "तौसीफभाईला सांग, क्यामेरा रुखवतावर फिरव. मोठ्या पडद्यावर. आणि मागच्या दोन रांगांना मठ्ठा दे. त्यांचं बदाम विझत आल्यात."

मी मागं बघितलं. मागच्या दोन रांगांत माणसं खरंच चपला शोधत होती. मठ्ठा धाडला. बसली.

तौसीफ धावत टेबलाकडं गेला. आणि पडदा उजळला.

मी ते रुखवत उचलून आणलं होतं, मांडलं होतं, त्यातला एक लाडू खाऊन भोक बाहेरून बुजवलं होतं. पण ते मी बघितलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. कुरडई पडद्यावर गावातल्या देवळाएवढी झाली. तिच्या जाळीतून ऊन आरपार गेलेलं. एका पोपटाच्या डोळ्यात कुणीतरी, कुणाला कधी दिसणार नाही असा, मोहरीएवढा मणी शिवला होता. काड्यांच्या विहिरीला आतून पायऱ्या होत्या. कुठल्या बाईनं कधी बसून त्या केल्या असतील? सगळा मांडव माना वर करून गप्प झाला. कुजबुज थांबली, आचारी झारा घेऊन बाहेर आला, आणि चोर कोण हे सगळे विसरले.

"डावीकडनं," ताई पडद्याकडं बघत म्हणाली. ताईचा शब्द मी तौसीफला पोचवत होतो, तौसीफ क्यामेऱ्याला. "हळू. पुढं. पुढं."

"बैल आलं, बैल!" सुभेदार पुटपुटले.

"बैल नगं. ते बघून झाल्यात. पुढं."

तिचे डोळे मी बाजूनं बघितले. ते काही शोधत नव्हते. ते नुसते उघडे होते, आणि अख्खं टेबल त्यांत आपण होऊन चालत येत होतं. इतकी वर्षं मी तिच्या मागं उभा राहून म्हणत होतो, "ताई, ऊठ की आता, मला रील एडिट करायचंय."

"थांब. नारळ."

पडद्यावर नारळाची नवरी आली. हत्तीएवढी. काजळ, नथ, मुंडावळ्या.

"गळ्यात."

तौसीफनं गळा मोठा केला. काळे मणी, मधोमध दोन सोन्याच्या वाट्या, लखलखीत.

"आगं, नवरी हाय ती!" बनुआत्या खालून ओरडली. "नवरीच्या गळ्यात डोरलं असणारच!"

"आत्या," ताई म्हणाली, "मधी अंतरपाट हाय. तिचं लगीन अजून लागलं न्हाई."

धरणं थांबली. गुरुजी उघड्या तोंडानं पडद्याकडं बघत होते. माणसांनी नारळाच्या नवरीकडं बघितलं, मग स्टेजवरच्या नवरीकडं, तिच्या पुढ्यातल्या खऱ्या अंतरपाटाकडं, तिच्या मोकळ्या गळ्याकडं. सकाळपासून अख्खं वऱ्हाड त्या नारळापुढनं गेलं होतं. माझा त्याच्याबरोबर सेल्फी आहे. त्यात मंगळसूत्र चमकतंय आणि मी दात काढतोय.

"मीच घातलं की गं," आत्या बारीक आवाजात म्हणाली. "कुणा पोरानं बैलाच्या गळ्यात मणी अडकवल्यालं. म्हणलं बैलाला काय करायचंत? हिला शोभत्यात."

आप्पांनी मान वर केली. आचारी झारा घेऊन आत गेला.

सुभेदार अंतरपाटाच्या कडेनं ताईपुढं आले. "पोरी, कसं दिसलं?"

"जे हरवलंय ते बघायचंच न्हाई, मामा. चित्रातली गोष्ट बघायची. गोष्टीत अजून जे घडलं न्हाई ते चित्रात दिसलं, की टिचकी मारायची."

सुभेदारांनी एकदा पडद्याकडं, एकदा ताईकडं बघितलं. मग त्यांच्या टाचा जुळल्या. त्यानंतर काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण ते घडलेलं नाही. ज्यांनी बघितलं त्यांना जिलेबी जास्त वाढली.

अक्षता पडल्या. पाठवणीच्या वेळी ताई रडली नाही, टेबलाच्या टोकाकडं बघत राहिली. सुभेदार गेले, क्रोशाच्या झाकणासकट मॉनिटर उचलला, आणि गाडीत पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसले. नवरदेवाला मागं माऊस धरायला दिला. ताई तेव्हा रडली.

आता सुभेदार रोज जेवणानंतर म्हातारीचा माळा तपासतात. परवा त्यांचा फोन आला. "पावनं, ते घुबड कुठं असतंय, कल्पना हाय का? सूनबाई सांगंना. म्हणती, तुमचं तुमी शोधा."

मला कल्पना नव्हती. मला माझा दुसरा बूटही कुठंय याची कल्पना नाही. आप्पा चष्म्यावाचून चष्मा शोधतात. आई पुन्हा नवसावर आली आहे. मी पाण्याच्या मोटरीवर जाऊन पक्कड उचलून बघतो. खाली काही नसतं. म्हणून हा अर्ज.

प्रति,
मा. सुभेदार (निवृत्त) नाथाजी साहेब, मु. पो. शिराळ्याजवळ.

विषय: सौ. संयोगिता यांची मूळ ठिकाणी बदली होणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर कर्मचारी आपणाकडे रुजू झाल्यापासून माधवनगर येथील घरात कोणतीही वस्तू आढळून येत नाही. हरवलेल्या वस्तूंची यादी तयार करण्यात आली होती. ती सापडताच सादर करण्यात येईल. आपले घुबड अद्याप प्रलंबित असल्याची अर्जदारास जाणीव आहे. तरी सौ. संयोगिता यांची माधवनगर येथे कायमस्वरूपी, ते शक्य नसल्यास प्रतिनियुक्तीवर, आणि तेही शक्य नसल्यास निदान अर्जदाराच्या मागे उभे राहून "पक्कडीखाली" एवढे म्हणण्यापुरती, कॉम्प्युटरसह तात्काळ बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती.