बाजूची सीट

तेवीस महिने सुरळीत गेले आणि चोविसाव्यात घात झाला. कुणाच्या नालायकपणामुळे झाला असता, तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

गोष्ट एका लिफ्ट मेकॅनिकची आणि त्याच्या बायकोची. बायकोचीच जास्त. तीन वर्षांपूर्वी हा गृहस्थ दारूच्या नशेत गाडी घेऊन निघाला आणि सायकलवरून चाललेल्या एका मास्तरांना त्याने उडवलं. मास्तर वाचले, पण पायाने कायमचे अधू झाले. कोर्टाने नऊ महिन्यांची कैद सुनावली आणि पहिलाच गुन्हा म्हणून आत न टाकता दोन वर्षं प्रोबेशनवर सोडलं. दर महिन्याला प्रोबेशनच्या मॅडमसमोर हजेरी लावायची. घरी बसून प्यायला, तर कोर्टाला त्याचं काही नव्हतं. पण पिऊन गाडीच्या भानगडीत पुन्हा नाव आलं, की तेच नऊ महिने तुरुंगात जाऊन काढायचे. लायसन्स वर्षभर जप्त होतं, ते पुढे परत मिळालं.

कोर्टाला काही नव्हतं, पण बायकोला होतं. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर. एका चादरीवर डाग राहिला, तरी अख्खा गठ्ठा परत धुवायला पाठवणारी बाई. हाताखालच्या बायका तिला मागून ‘इन्स्पेक्टरबाई’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कोर्टाने नवरा आपल्याच ताब्यात दिलाय, असं तिने धरलं आणि डोळ्यांत तेल घालून त्याला सांभाळायला लागली. संध्याकाळी तो दारात आला, की चपला काढायच्या आधी त्याने तोंड उघडून ‘हाऽ’ करायचं. तिने वास घ्यायचा. मग आत. एकदा नणंद आली होती, तर तिच्यासमोरही हिने त्याला ‘हाऽ’ करायला लावलं. नणंदेने मान खाली घालून चहात साखर ढवळली, दोनदा घातलेली. नवरा तर हल्ली बोलतच नसे. बायकोला वाटे, सुधारला.

एवढ्यावर तिचं समाधान होतं होय? चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने गाडी शिकायला घेतली. का, तर नवऱ्याला पुन्हा स्टिअरिंगला हातच लावायला लागू नये. नियमांची पुस्तिका आणून ती दोनदा वाचली, शिकाऊ लायसन्स काढलं आणि दर रविवारी सकाळी नवऱ्याला शेजारी बसवून रिकाम्या रस्त्यावर गाडी हाकू लागली. “क्लच हळू सोड,” “आरशात बघ,” असं तो सांगे आणि ती मुकाट्याने ऐके. आठवड्यातला तेवढा एक तास त्याचा आवाज घरधन्यासारखा येई. पक्क्या लायसन्सची परीक्षा पुढच्याच महिन्यात होती. प्रोबेशनही पुढच्याच महिन्यात संपणार होतं. हातातोंडाशी घास आला होता म्हणा ना.

आणि मग वर्कशॉपमधले जुने फोरमन रिटायर झाले. दुपारी साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळे जमले, भाषणं झाली, ग्लास भरले गेले. ज्याने हाताला धरून काम शिकवलं, त्याच्या निरोपाला सरबत काय पिणार? नवरा दोन ग्लास प्यायला. मग बाहेर आला आणि त्याने बायकोला फोन लावला.

“प्यायलोय,” तो म्हणाला. “दोन ग्लास. किल्ली वॉचमनकडे देऊन टाकलीय. बसने येतो घरी.”

तिला खरं तर भडकायचं होतं. पण जमलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि न विचारता हा माणूस पहिल्यांदा खरं बोलला होता. तेवीस महिन्यांचं चीज झालं, असं तिला वाटलं. अशा वेळी बाईने गुपचूप ‘बरं, या’ म्हणावं की नाही? पण नाही. आपण गाडी शिकलो ती याच दिवसासाठी, असं तिच्या डोक्यात आलं. ‘थांबा तिथेच, मी न्यायला येते,’ असं बजावून तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लाँड्रीच्या एप्रनवरच बस पकडली.

ती पोचली तेव्हा वॉचमनने गाडीचं मागचं दार उघडून दिलेलं होतं आणि नवरा मागच्या सीटवर आडवा झाला होता. चांगला डोळा लागला होता त्याचा. वॉचमनकडून किल्ली घेऊन तिने त्याला हलवून उठवलं. पुढे बसा म्हणाली. तो कुरकुरला, दहा मिनिटांचा तर रस्ता, झोपू दे ना म्हणाला. पण ही नाकासमोर चालणारी बाई. शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसन्सवाला बसलाच पाहिजे, पुस्तिकेत तसं लिहिलंय, आणि रस्ता दहा मिनिटांचा असो नाहीतर दोन, नियम तो नियम. नवरा उठला, पुढे येऊन बसला. तिने त्याला पट्टाही लावायला लावला.

पुलाच्या तोंडाशी पोलिसांची तपासणी चालू होती. शिकाऊची लाल पाटी बघून एकाने गाडी बाजूला घ्यायला लावली. तिने ऐटीत कागद काढून दिले. सगळे जागच्या जागी. पोलिसाने खिडकीतून आत वाकून पाहिलं, नाक जरा फेंदारलं आणि नवऱ्याला खाली उतरवून फुंकायचं यंत्र त्याच्या तोंडापुढे धरलं. ती चक्क हसली. गाडी मी चालवतेय, ते कशाला फुंकतील, असं म्हणत तीही खाली उतरली.

“तुम्ही शिकताय, बाई,” पोलीस शांतपणे म्हणाला. “शिकणाऱ्याच्या शेजारी जो लायसन्स घेऊन बसतो, गाडी त्याच्या जबाबदारीवर असते. कायद्याने चालक हेच.”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. पुस्तिका दोनदा वाचली होती तिने. शेजारी कोण हवा, ते पाठ होतं. तो शुद्धीत हवा, हेही कुठेतरी असणारच. पण ते कुणासाठी लिहिलंय, तर शेजारी बसणाऱ्यासाठी. ती पानं तिने आपली नव्हेत म्हणून उलटली होती. मशीनवरचा आकडा बघून पोलिसाने रस्त्याच्या कडेलाच चलन फाडलं आणि नवऱ्याची सही घेतली. गाडी तिथेच ठेवायला लावली.

घरी येईपर्यंत ती बोलत होती. मला काय स्वप्न पडलं होतं, मी तर तुमच्या भल्यासाठीच, असं सारखं तेच तेच. शेवटी दारात तो थांबला.

“मी मागे झोपलो होतो,” तो म्हणाला. बस्स, एवढंच. त्या दिवशी तिने वास घेतला नाही.

प्रोबेशनच्या मॅडमनी तिसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. लोखंडी कपाट, फायलींनी वाकलेलं टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मॅडम कडक होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या. तेवीस महिन्यांत एकही हजेरी न चुकवलेला माणूस असा शेवटच्या पायरीवर घसरलेला त्यांनाही बघवत नव्हता. त्यांनी चलन दोनदा वाचलं. त्यावर नुसतं ‘शिकाऊ चालकासोबत’ असं लिहिलं होतं. सीट लिहिलेली नव्हती, आणि पोलीस कागदाबाहेरचं काही सांगणार नव्हता. दिवसाला पन्नास गाड्या अडवणाऱ्याला सीटा थोड्याच आठवतात. मॅडमनी समजावून सांगितलं, की शेजारी बसलेला माणूस जबाबदार, मागे झोपलेला नाही. मागे असेल तर गुन्हा बाईंचा, एकट्याने गाडी चालवल्याचा. त्यांचं शिकाऊ लायसन्स रद्द होईल, दंड होईल, आणि प्रकरण तिथेच मिटेल. मग त्यांनी पेन उचललं आणि बाईंकडे पाहिलं.

“हे कुठे बसले होते?”

एका डागासाठी अख्खा गठ्ठा परत पाठवणाऱ्या त्या बाईने क्षणभरही वेळ घेतला नाही.

“मागे,” ती म्हणाली. “मागच्या सीटवर झोपले होते.”

आयुष्यात सरकारी माणसासमोर ती पहिल्यांदा खोटं बोलली, आणि काय हलकं वाटलं तिला! लायसन्स जाईना का खड्ड्यात, नवरा घरी राहील. सुटलो, असंच तिला वाटलं. मॅडमनी मान हलवली आणि रिवाज म्हणून नवऱ्यालाही तेच विचारलं.

नवऱ्याने एकदा बायकोकडे पाहिलं.

“पुढे,” तो म्हणाला. “हिच्या शेजारी. मी मागे झोपलो होतो, हिने उठवून पुढे बसवलं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. नीट आठवून सांगा, घाई नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बायकोने टेबलाखालून त्याचा हात दाबला, चांगला नखं रुतेपर्यंत. त्याने हात सोडवून घेतला.

“नीट आठवतंय,” तो म्हणाला. “आमच्या घरात खोटं बोललेलं चालत नाही.”

कोर्टाचं काम पंधरा मिनिटांत आटोपलं. नऊ महिने.

दोन आठवड्यांनी भेटीचा दिवस मिळाला. लांबट खोली, मधे टेबल, कोपऱ्यात पहारेकरी. नवरा हडकला होता, पण चेहरा निवळलेला होता, आणि तेच तिला जास्त लागलं. पंधरा दिवस एकच प्रश्न तिला आतून कुरतडत होता. तो प्रामाणिकपणे बोलला की सूड म्हणून? रागाने तिचा जीव जळत होता, आणि रागापेक्षाही जास्त अपमानाने. एवढं जिवावर उदार होऊन खोटं बोलावं आणि ज्याच्यासाठी बोललो, त्यानेच तोंडघशी पाडावं! तिने आडपडदा न ठेवता विचारलं.

“मी वाचवत होते ना तुम्हाला? मग का असं केलंत?”

तो बोलला, ते अगदी साध्या आवाजात, वर्कशॉपमधलं काही सांगावं तसं.

“तू वाचवलं असतंस, तर मरेपर्यंत ते फेडत बसलो असतो. रोज दारात उभा राहून. त्यापेक्षा हे नऊ महिने परवडले मला.”

तिच्या जिभेवर हजार गोष्टी आल्या. तेवीस महिन्यांच्या संध्याकाळी, बसचे धक्के, घेतलेल्या रजा, सगळं. तोंडही उघडलं तिने. पण गेले पंधरा दिवस तिचे तिलाच आठवले. कामावरून घरी यायचं, दार लावायचं, घड्याळाकडे बघायचं नाही, कुणाच्या पावलांचा कानोसा घ्यायचा नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा ती गाढ झोपली होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

“मलाही परवडले,” ती म्हणाली.

वेळ संपायला अजून दहा मिनिटं होती. दोघंही तशीच बसून राहिली.