फलाट क्रमांक मारा

"बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक मारावर उभी आहे."

"कुणाला मारा?" खालून कुणीतरी ओरडलं आणि सगळं बसस्थानक खो खो हसलं.

काचेच्या खोलीत माइकसमोर बसलेल्या भोंगाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणायचं होतं बारा. हाच बारा सकाळी कसा खणखणीत निघायचा! म्हणून तर त्यांचं नाव भोंगाबाई पडलेलं. पण दिवस कलला की आवाज नाकात शिरायचा, वाक्य संपता संपता 'ब'चा 'म' व्हायचा आणि 'द'चा 'न'. दहा नंबरचा फलाट 'न्हा' होऊन बसला होता. ड्रायव्हर खिडकीशी येऊन विचारायचे, "बाई, न्हाऊनच गाडी काढू ना?" बाई स्वतःही हसायच्या, पण हसू ओठांवर अर्ध्यातच अडायचं आणि डावी पापणी दुकानाच्या शटरासारखी खाली यायची.

हसण्यावारी नेण्याचे दिवस मात्र संपत आले होते. मॅनेजर सकाळीच सांगून गेले होते, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. आता यंत्र येतंय, रेकॉर्ड केलेला आवाज. तुम्ही पार्सलच्या खिडकीवर बसा." बाईंना फार वाईट वाटलं. लग्न होऊन आल्यापासून त्या याच खुर्चीत होत्या. माइक गेला तर उरायचं काय?

डॉक्टर करून झाले होते. पण जायच्या दिवशी सासूबाई रजा घ्यायला लावायच्या, दुपारी झोपवायच्या, तोंड धुवायला लावायच्या. "चार माणसांत जायचं तर कसं ताजंतवानं जावं! मरगळलेलं तोंड घेऊन डॉक्टरकडे जातं का कुणी?" मग तपासताना पापणी जागेवर, आवाज ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "थकवा आहे, विश्रांती घ्या." सासूबाई खूश. "बघ, मी म्हटलं नव्हतं, काही झालेलं नाही!"

त्या संध्याकाळी 'मारा'चं हसू ओसरतंय तेवढ्यात काचेच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात त्याच डॉक्टरीणबाई, खांद्यावर प्रवासाची पिशवी.

"अहो, हा आवाज तुमचा? माझ्याकडे तर छान बोलत होतात!"

"झोप झालेली असायची ना," भोंगाबाई ओशाळून म्हणाल्या. "सासूबाई झोप काढल्याशिवाय सोडत नाहीत."

"अरे देवा! आजार घरी ठेवून माझ्याकडे येत होतात की!"

डॉक्टरीणबाईंनी समोरच्या दुकानातून बर्फातली बाटली मागवली, रुमालात गुंडाळली आणि बाईंच्या मिटल्या पापणीवर धरली. थोड्या वेळानं काढली तर पापणी चक्क वर! डॉक्टरीणबाईंनी टाळीच वाजवली. "सापडलं! गारव्यानं पापणी उचलली, म्हणजे स्नायू दमण्याचा आजार आहे हा. याचं मूळ कधी कधी छातीत असतं, आता छातीचा स्कॅन करायचा." मग एकदम दचकून म्हणाल्या, "माझी गाडी?"

"ती काय, मारावरून सुटली," भोंगाबाई म्हणाल्या, आणि दोघीही पोट धरून हसल्या.

स्कॅनमध्ये गाठ निघाली. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननी समजावून सांगितलं, "छातीच्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात, दोन फुफ्फुसांच्या मधे लहानपणी एक ग्रंथी असते, थायमस. मोठेपणी ती सुकते. तुमची सुकली नाही, वर तिच्यावर गाठ आली. अशी गाठ फार क्वचित दिसते. हिच्यापायी शरीर आपल्याच स्नायूंवर उलटतं. मेंदू निरोप धाडतो, स्नायू घेतच नाहीत."

"म्हणजे मी घोषणा करतेय आणि ड्रायव्हर हलतच नाही."

"अगदी तसंच!" सर्जन हसले.

"आणि आवाज? तो राहील ना?"

सर्जननी स्कॅनवर बोट ठेवलं. "आवाजाची नस तिथून जवळच जाते. श्वासाचीही. वचन देत नाही बाई, पण जपून काढीन."

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून भेटेल त्याला सांगत होत्या, "माझीच अक्कल चरायला गेली होती हो! मीच झोपवत होते तिला." छातीचं हाड मधोमध उघडून गाठ अख्खी बाहेर आली. पुढे काही दिवस बाईंच्या घशात श्वासाची नळी होती, बोलणं बंद. सासूबाई पलंगाशी बसून दोघींच्या वाटचं बोलायच्या. प्रश्नही त्यांचे, उत्तरंही त्यांचीच.

नळी निघाली त्या सकाळी सर्जन म्हणाले, "बोला काहीतरी."

बाई म्हणाल्या, "बारा."

आवाज घोगरा होता, पण ब तो ब होता. सासूबाई हसत हसतच रडायला लागल्या. भोंगाबाई मात्र म्हणाल्या, "सकाळचा बारा कुणीही म्हणेल. संध्याकाळचा म्हणता आला पाहिजे."

त्याला वेळ लागला. गोळ्या चालूच होत्या, काही संध्याकाळी पापणी परत उतरायची. डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता, "यापुढे मला संध्याकाळीच भेटायचं, दमूनभागून, पारोसं तोंड घेऊन!" सासूबाईंनी तो इतका मनावर घेतला की भेटीच्या दिवशी सुनेला डुलकीसुद्धा घेऊ देईनात. मॅनेजरनी यंत्र खोक्यातच ठेवलं. "थोडी कळ काढू," म्हणाले.

आणि एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, सासूबाई बारा नंबरच्या बाकावर येऊन बसल्या. जायचं कुठेच नव्हतं. शेजारी एक प्रवासी बंदराच्या गाडीची वाट पाहत होता. कर्णा खरखरला.

"बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक बारावर उभी आहे. बारा. कुणालाही मारू नये."

सगळं स्थानक हसलं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. पिशवी उचलता उचलता तो प्रवासी म्हणाला, "किती स्पष्ट! रेकॉर्ड केलेला आवाज दिसतोय."

सासूबाई ताडकन उठल्या.

"रेकॉर्ड कसला आलाय? सून आहे माझी! सकाळपासून बसलीय तिथे, एक डुलकी घेतलेली नाही."

प्रवासी गाडीत चढला. सासूबाई पुन्हा बाकावर बसल्या, पदर सारखा केला आणि पुढच्या गाडीची वाट पाहू लागल्या.