मागचं दार

"आण इकडे," म्हणत मावशींनी भिंगरीला तिच्या आईच्या कडेवरून उचलून घेतलं आणि सवयीनं तिच्या मानेमागे हात लावला. मान गार होती. जरा जास्तच गार, आणि ओलसर. तिची आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, त्यामुळे पोरीच्या कपड्यांना एरवी बिस्किटांचा वास यायचा. आज मात्र तिच्या तोंडाला संत्र्याच्या गोळीसारखा काहीतरी गोडसर वास होता.

"रात्री बरी होती ना ही?"

"हो, हो. एकदम ठणठणीत." बिस्किटवाली हे चपलेकडे बघत म्हणाली. "जरा झोप कमी झालीय. दात येत असतील."

"तीन वर्षांच्या पोरीचे दात? ते सगळे कधीच येऊन बसलेत तोंडात."

पण तोवर बिस्किटवाली फाटकाबाहेर पोचली होती. कोपऱ्यावर कारखान्याची बस हॉर्न वाजवत होती, आणि ती बस कुणासाठी थांबत नसे.

मावशींचं पाळणाघर त्यांच्या राहत्या घरातच होतं. पुढची मोठी खोली पोरांची, मग स्वयंपाकघर, आणि मागे मावशींच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची खोली, तिला गल्लीत उघडणारं स्वतःचं दार. थंडी पडली की मावशींचे नियम कडक होत. आल्या आल्या हात धुवायचे. ज्याचा कप त्यानंच वापरायचा. नाक कागदानं पुसायचं आणि कागद झाकणाच्या डब्यात टाकायचा. खोकला आला की तोंड कोपरात खुपसायचं. हे तर पोरं इतकं मन लावून करत की खोकला नसतानाही एकमेकांना करून दाखवत. आणि बाहेर कितीही गारठा असो, खिडक्या अर्ध्या उघड्या. पोस्टमननं एकदा आपल्या मुलाला दोन स्वेटर घालून आणलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही पोरं पाळताय की वाळवताय?" सगळे हसले. मावशीही हसल्या. खिडकी काही लावली नाही.

त्यांना हे वेड उगीच लागलेलं नव्हतं. काकांचा जन्म गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रेचा रंग मारण्यात गेला होता आणि तो सगळा रंग जणू त्यांच्या छातीत जाऊन बसला होता. गेल्या हिवाळ्यात कुठल्याशा पोराबरोबर फ्लू घरात आला. पोरं आठवड्याच्या आत पुन्हा नाचायला लागली. काका हॉस्पिटलात ऑक्सिजनवर गेले. परत आले ते खुर्चीपासून मोरीपर्यंत जाताना मध्ये भिंतीला टेकणारे काका होऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांनीही दर वर्षी लस घ्यायचीच. पण लस घेतली म्हणून छाती पुढे काढून फिरायचं नाही. यांच्या फुप्फुसांना आता दुसरा तडाखा झेपणार नाही. ताप-खोकल्याच्या माणसापासून यांना लांब ठेवा."

म्हणून यंदा थंडीच्या आधीच दोघांनी लस टोचून घेतली आणि मावशी प्रत्येक पालकाच्या मागे हात धुऊन लागल्या, की तुम्हीही घ्या, पोरांनाही द्या. शिवाय बजावलं, की ताप आलेलं मूल आणायचं नाही. औषधाशिवाय पुरता एक दिवस ताप उतरलेला राहिला, की मगच. सगळ्यांनी माना डोलावल्या. बिस्किटवालीनं सगळ्यात जोरात डोलावली होती.

दुपारी जेवणं होऊन पोरं आडवी झाली आणि भिंगरी कण्हायला लागली. मावशींनी कपाळावर हात ठेवला तो चटकन मागे आला. अंग तव्यासारखं तापलं होतं, डोळे लाल, श्वासाबरोबर नाक वाजत होतं. त्यांनी मास्क चढवला, तिला उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि कारखान्यात फोन लावला.

"सकाळी औषध पाजून आणलंस ना हिला?"

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत राहिली. मग बारीक आवाजात, "पाजलं होतं."

"आत्ताच्या आत्ता ये."

"मावशी, पाया पडते, आज नका ना बोलावू. नोकरी पक्की व्हायचा शेवटचा महिना आहे. एक खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून मोजतात. सुपरवायझर इथंच उभा आहे मावशी." आणि फोन बंद झाला.

पुढच्या खोलीत बाकीची पोरं ओळीनं झोपलेली, त्यांच्याजवळ मदतनीस बाई बसलेली. स्वयंपाकघरात सगळ्यांचं अन्न. उरली ती एकच खोली, आणि त्या खोलीत नेमका तो माणूस. पोर खांद्यावर घेऊन मावशी दोन दारांमध्ये नुसत्या उभ्या राहिल्या.

आतून काकांचा आवाज आला. "कोण, भिंगरी का?"

"तुम्ही बाहेर येऊ नका."

"बाहेर नाही येत. बाहेर जातो." काकांनी कानटोपी घातली, मास्क लावला, कोट खांद्यावर टाकला, खुर्ची उचलली, आणि गल्लीचं दार उघडलं.

"अहो, या थंडीत कुठे निघालात?"

"ऊन आहे की."

"कुठलं ऊन? आभाळ आलंय."

"मग आभाळ आहे म्हण. तू पोरीला टेकव आधी, हात भरून आले असतील तुझे." उंबऱ्याबाहेर गेल्यावर त्यांनी लांबूनच हात हलवला. "भिंगरे, खोली तुझी. फक्त माझ्या रेडिओचे कान पिळू नकोस!"

संध्याकाळपर्यंत काका गल्लीत बसून होते. मावशींनी पोरीला पाणी पाजलं, कपाळ पुसलं, मऊ भाताचे दोन घास भरवले. मधूनच हात धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकांना चहा दिला, आणखी एक पांघरूण दिलं. दर वेळी त्यांना ते बरे दिसायचे आणि दर वेळी मावशींचा राग थोडा आणखी वर चढायचा. बिस्किटवालीला काय काय सुनवायचं ते त्यांनी मनात घोळवून घोळवून अगदी पाठ केलं होतं.

ती आली तीच मान खाली घालून.

"या घरात कसा माणूस आहे, तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं."

"मग?"

"दुसरं कुणीच नव्हतं, मावशी. हिच्या बाबांचा ट्रक पुढच्या आठवड्यात येणार. शेजारी तापाचं पोर कोण घेतंय? सकाळी औषधाची बाटली हातात घेऊन उभी होते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काकाच येत होते." तिनं पदरानं नाक पुसलं. "तरी पाजलं."

पाठ केलेलं सगळं भाषण मावशींनी सोडून दिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हिच्याशी काय भांडणार? "डॉक्टरीणबाईंना दाखव आत्ताच," एवढंच त्या म्हणाल्या. "आणि उद्या..."

"उद्या मागच्या दारानं आण!" गल्लीतून घोगरा आवाज आला.

ती गेल्यावर मावशींनी खोली पुसली, चादरी बदलल्या, दार-खिडक्या सताड उघडल्या. काकांना पुढच्या खोलीत बसवलं आणि मग त्यांच्यावर घसरल्या. "तुम्हाला कुणी मध्ये बोलायला सांगितलं होतं?"

"अगं, उद्या तू नाही म्हणालीस, तर परवा ती पुन्हा औषध पाजून पुढच्या दारानं आणेल. ती नाही तर दुसरी कुणी. सगळ्यांच्याच मानेवर सुपरवायझर बसलाय. माझी खोली ठेव आजारी पोरांना. निदान कुठलं पोर आजारी आहे ते तुला कळेल तरी. बाकीची वाचतील."

"आणि तुम्ही? कोटाच्या खिशात राहणार?"

"मी ताईकडे जातो. थंडी सरेपर्यंत."

मावशींना हसूच फुटलं. काकांची मोठी बहीण म्हणजे बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नसे. दोघं बहीण-भाऊ एका खोलीत चहा संपेपर्यंतसुद्धा भांडल्याशिवाय बसलेले कुणी बघितले नव्हते. पण काका हसत नव्हते. "गॅरेजात रंग मारताना आम्ही दार लावून घ्यायचो," ते म्हणाले. "रस्त्यावरच्या लोकांना वासाचा त्रास नको म्हणून. तेव्हा जमलं, तर हे काय अवघड आहे?"

लग्न झाल्यापासून हॉस्पिटल सोडलं तर दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. मावशींनी सकाळी बॅग भरली. स्वेटर, छातीत ओढायचं औषध, मास्क.

त्या दिवसापासून पाळणाघराची रीत बदलली. मावशींनी पालकांना सरळ सांगितलं. "लपवू नका. ताप असेल तर घरी ठेवा. अगदीच गळ्याशी आलं असेल तर मला फोन करा आणि मागच्या दारानं आणा. पण खरं सांगा." आणि गंमत अशी की खरं सांगायची मुभा मिळाल्यावर निम्म्या लोकांना घरी ठेवणं जमायलाही लागलं. पोस्टमननं बायकोशी पाळ्या लावून घेतल्या. उरलेल्यांचे फोन सकाळीच येत. "मावशी, आज मागचं दार." मागच्या खोलीत जाताना मावशी मास्क लावत, वेगळा झगा चढवत, बाहेर येताना तो तिथंच काढून, कोपरापर्यंत हात धुवत. दर हिवाळ्यात एक पोर खोकलं की आठवड्याभरात सगळी ओळ खोकायची. यंदा ती ओळ दुपारी शांत घोरत पडलेली असे.

पोरं झोपली की मदतनीस बाईला बसवून मावशी कपडे बदलून वन्संच्या घराजवळच्या बागेत जात. बाकाच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला त्या.

"आज ताईनं मला पेपर वाचून दाखवला. म्हटलं, मला वाचता येतं. तर म्हणते, वाचता येतं, कळत नाही."

"बरोबरच आहे वन्संचं."

"जेवण कसलं करते! मीठ म्हणून नाही. बरं, भिंगरी काय म्हणते? आणि तो पोस्टमनचा, अजून चावतो का?"

प्रत्येक पोराची खबर घेतल्याशिवाय ते उठत नसत. उठल्यावर मावशी त्यांना पाठमोरं बघत. कुठे थांबतात, किती वेळ थांबतात.

हिवाळा ऐन भरात असताना मावशींचंच अंग मोडून आलं. लस घेतलेली होती, तरी ताप चढलाच. पाळणाघर बंद केलं, सगळ्यांना कळवलं, काकांना फोन केला. "आज बागेत येत नाही. उद्याही नाही. तुम्ही इकडे फिरकू नका."

दुपारी मागच्या दारावर टकटक झाली.

"उघडू नकोस," काका बाहेरून म्हणाले. "नुसती बोल."

मावशी भिंतीचा आधार घेत आल्या आणि दाराच्या आत जमिनीवरच बसल्या. "काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

"नको म्हटलं तरी आलात ना? कुणाचं ऐकाल तर शपथ." एवढं बोलून त्यांना खोकला आला, त्यांनी तोंड कोपरात लपवलं, समोर कुणी नव्हतं तरी.

खोकला थांबल्यावर काका म्हणाले, "ताईनं सूप दिलंय. पायरीवर ठेवतोय. मी गेलो की घे. बेचव आहे, पण गरम आहे."

पावलं दूर गेली. थोडं गेल्यावर थांबली. मावशी श्वास रोखून ऐकत राहिल्या. पावलं पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली, आणि मग गल्लीच्या टोकाला विरून गेली. तेव्हा कुठे त्यांनी दार उघडलं. सूप खरोखरच बेचव होतं. त्यांनी भांडं चाटूनपुसून संपवलं.

त्या बऱ्या झाल्या. पाळणाघर पुन्हा भरलं. बिस्किटवाली पक्की झाली, आणि पक्की झाल्यावर पहिल्यांदा पोरीचं नाक वाहायला लागलं तेव्हा तिचा सकाळी फोन आला. मेडल मिळाल्यासारखी ओरडत होती. "मावशी, आज आम्ही दोघी घरी! आज माझा खाडा!"

हळूहळू हवा उबदार झाली. डॉक्टरीणबाईंनी काकांची छाती तपासली आणि आता घरी जायला हरकत नाही म्हणाल्या. वन्सं त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या, बॅग मावशींच्या हातात दिली, "हा रात्री खिडकी लावतो, लक्ष ठेव," अशी तक्रार केली आणि जाताना भावाच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

काका वाळले होते. कोट खांद्यावरून उतरत होता. हात धुऊन ते पुढच्या खोलीत आले तशी मोठी पोरं "काका, काका" करत धावली आणि मावशींना "हळू, हळू" म्हणत त्यांना आवरावं लागलं. भिंगरी मात्र मावशींच्या पायांमागे जाऊन उभी राहिली. तिथून एक डोळा बाहेर काढून तिनं विचारलं, "हे कोण?"

"अगं, काका ना आपले!"

"कुठले काका?"

आपल्याला तो एक हिवाळा होता; या पोरीच्या आयुष्याचा तो केवढा मोठा तुकडा असेल, हे मावशींच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या घाईघाईनं काहीतरी आठवण करून द्यायला निघाल्या, तर काकांनी हातानंच त्यांना थांबवलं. "राहू दे."

चपलांच्या फळीजवळ एक ठेंगणं स्टूल होतं. त्यावर ते सावकाश बसले, दम खाल्ला, आणि भिंगरीच्या उंचीवरून तिच्याशी बोलले. "मी इथं राहायचो. आता पुन्हा राहायला आलोय. चालेल का?"

भिंगरीनं विचार केला. मावशींकडे बघितलं, काकांकडे बघितलं. मग दोन पावलं पुढे झाली आणि बुटाचा सुटलेला पट्टा दाखवत तिनं पाय त्यांच्यासमोर धरला.

काका वाकले. श्वास पुरेना, म्हणून सरळ झाले. थोडं थांबून पुन्हा वाकले. मावशींनी हाताची घडी घातली आणि जागच्या हलल्या नाहीत. भिंगरी एका पायावर, काकांच्या डोक्याला धरून, पट्टा लागेपर्यंत उभी राहिली.