वरच्या तळ्यावरची कृपा

आभाळात ढग नाही आणि ऐन मार्गशीर्षात घनसावंगीकडच्या त्या गावाचं वरचं तळं चढायला लागलं, तेव्हा सप्ताहाचे वीणेकरी रखमाजी यांनी तळ्यालाच हात जोडले. सप्ताह बसला नि पाणी वाढलं, आणखी कोणती साक्ष हवी? महाराजांनीही कीर्तनात तेच सांगितलं, सगळा मांडव डोलला.

काल्याच्या आदल्या दिवशी खालच्या वस्तीवर दिलेली त्यांची लेक, प्रभावती, आली. तिकडचं तळं ह्याच तळ्यातून निघणाऱ्या ओढ्यावर भरायचं. ते पार उतरलं होतं. गुरं चिखलात रुतत होती, हरभरा माना टाकत होता.

"अप्पा, तुमच्या देवाला आमचंच पाणी दिसलं का?"

रखमाजींच्या मनात तेच घोळू लागलं. देव एकीचं काढून दुसरीच्या ओटीत घालील कसा? आणि घालत नसेल, तर वर एवढं पाणी आलं कुठून?

पंगतीत शेजारी पुतण्या बद्रीनाथ होता, कॅनडातून सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, तिकडं दर हिवाळ्याला हेच होतं. दोन तळी, मधी नदी. नदी गोठली की बर्फ पाण्याची वाट आवळतो. मंग वरचं तळं फुगतं, खालचं उतरतं.

"पाणी वाढत न्हाई, काका. नुसतं अडून राहतं."

रखमाजी जास्तच चक्रावले. इथं दुपारी अंगावर उपरणं नकोसं होतं, बर्फ कुठला? पण अडलंच असेल, तर कुठं, ते बघायला हवं होतं. अर्ध्या ताटावरून उठून ते ओढ्यावर गेले. लेक मागोमाग.

ओढ्यात बर्फ नव्हता. पालखीची माणसं भिजू नयेत म्हणून कापसाची वाळकी पऱ्हाटी नि कडबा टाकून, माती दाबून सप्ताहाआधी केलेली वाट होती. पहिली पेंढी रखमाजींनीच नारळ फोडून टाकली होती. वाटेच्या वर पाणी काठोकाठ, खाली नुसती ओल.

त्यांनी धोतर खोचलं आणि पेंढ्या उपसायला घेतल्या. गावचा कारभारी धावत आला. उद्या पालखी जाईल कुठून, म्हणाला.

"पाण्यातून," रखमाजी म्हणाले. "भिजू दे की आपले पाय."

वाट फुटली, पाणी खळाळत सुटलं. काठावर कुजबुज झाली, कृपा चालली म्हणून. रखमाजी गुडघाभर पाण्यात तसेच उभे होते. चालली म्हणावी, का आत्ता आली म्हणावी, त्यांना काही केल्या उमगेना. प्रभावती मात्र पाण्याबरोबर काठाकाठानं वस्तीकडं चालू लागली होती.