तुळशीपाशी अकरा सेकंद

मच्छिंद्रने दोन खोकी काउंटरवर ठेवली आणि वरच्या खोक्यावरची धूळ बाहीने पुसली.

"श्रीगोंद्यात हे दोनच राहिल्यात, ताई. आता डीव्हीडी प्लेअर मागाया येनारं मानूस म्हंजी एकतर लगीन जपनारं, न्हाईतर मोडनारं."

रुचाला हसू आलं नाही. तिचा एक डोळा खोक्यांवर होता आणि एक ईरावर. साडेचार वर्षांची ईरा दुकानाच्या दारात वायरींच्या भेंडोळ्यांभोवती फेऱ्या मारत होती, आणि फेरी मारताना तिचं उजवं पाऊल आत वळत होतं. "पाय सरळ टाक गं," रुचा म्हणाली. दिवसातून चाळीस वेळा म्हणायची. नगरच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं की काही नाही, वयाबरोबर जाईल. रुचाने त्यानंतर इंटरनेटवर जे जे वाचायचं ते सगळं वाचून झोप घालवली होती.

मच्छिंद्र दोन्ही प्लेअर उघडून समजावत होता. पहिल्याला पिवळी, पांढरी, लाल अशी तीन भोकं, म्हणजे जुनीच तऱ्हा. बाबांच्या नव्या, मोठ्या एचडी टीव्हीला तो जोडला तर माणसं पाण्यात पडल्यासारखी दिसणार. दुसऱ्याला एचडीएमआयची एकच तार. तो डीव्हीडीवरचं छोटं चित्र टीव्हीच्या मापाला वाढवून देतो. तोच घ्या, पण टीव्हीची शार्पनेस खाली आणा, नाहीतर नवरी-नवरदेवाच्या कडेने पांढऱ्या रेघा उमटतील.

रुचाला एवढंच विचारायचं होतं. मागे, लांब उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येईल का?

"काढताना जेवढं उतरलं तेवढंच," मच्छिंद्र म्हणाला. "मशीन चित्र मोठं करतं, धुतं, पुसतं. नसलेलं आनीत न्हाई."

मग तिने लग्नाच्या डीव्हीडीची तक्रारही सांगून टाकली. अक्षता पडल्यावर पडदा निळा होतो, मग काहीतरी काळपट थरथरतं, आणि जुना प्लेअर नेमका तिथेच अडकायचा. ते थरथरणं पुढे कधी पाहताच आलं नाही. नवा अडकणार नाही ना? मच्छिंद्रने तिने आणलेली तबकडी हातात घेतली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात 'रुचा-अनिमेष, भाग २' लिहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते शूटिंग त्यानेच केलं होतं. त्याने ती दोनदा उलटून पाहिली. मग म्हणाला की जोडायला तो स्वतःच येईल, दुपारी.

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. दमयंतीबाई, मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं क्लार्क. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. 'ऑफिसातल्या बाई' म्हटलं की पुरे. मस्टरवर सही अकरा वाजता म्हणजे अकरालाच, आणि दाखल्यावरचा शिक्का कधी तिरका नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडापुढे यायचा. रुचाच्या लग्नात कन्यादानालाही थोरले काका-काकू बसले, कारण मान त्यांचा. आईचे फोटो होते, आधार कार्डावरचा, निवृत्तीच्या हाराआडचा. पण चेहरा दिसेल अशी हलणारी, चालणारी आई कुठेच नव्हती. ती फक्त एकाच जागी होती, या तबकडीत.

मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाटाच्या मागे, खांबाशी, जांभळ्या साडीतली एक बाई पदराने डोळे पुसते. चारच क्षण. मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नाहीत, अक्षता पाहायच्या नाहीत, तेवढा वेळ मागे जाऊन तुळशीला पाणी घालायचं, अशी घरची रीत. आणि सगळ्या रीती पाळणारी आई तेवढ्यापुरती ती मोडून आली होती, रुचासाठी. आई गेल्यावर पहिल्या वर्षी रुचाने ते चार क्षण किती वेळा पाहिले याला गणती नव्हती. ईराला तर बोट लावून शिकवलं होतं, ही बघ तुझी आजी. मग जुना टीव्ही गेला, प्लेअरही गेला. आता बाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, म्हणून रुचा आणि अनिमेषने त्यांना त्रेचाळीस इंची टीव्ही आणून दिला होता. सुट्टीत माहेरी आल्या आल्या तिने आधी प्लेअरचा शोध घेतला.

मच्छिंद्र आला तो चपला बाहेर काढून, थेट टीव्हीच्या मागे शिरला. बाबांनी, म्हणजे नृसिंहरावांनी, खुर्ची पुढे ओढून घेतली. चित्र लागलं तेव्हा सगळे पाहुणे रुंद दिसत होते. मच्छिंद्रने सेटिंगमध्ये जाऊन ते मूळ आकारात आणले, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

"अरे, एवढा टीव्ही घेतला आणि निम्मा बंद ठेवलास होय?" बाबा म्हणाले.

"सर, पट्ट्या काढल्या तर तुमचे व्याही दीडपट व्हत्यात."

बाबा मोकळेपणाने हसले. रुचानेही हसून घेतलं. चित्र खरोखर स्वच्छ होतं. अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक, भटजींच्या कानातली भिकबाळी, अनिमेषच्या कपाळावरचा घाम, सगळं. ईराला मांडीवर घेऊन ती सरसावून बसली. खांब आला. जांभळी साडी आली. रुचाने बटण दाबून चित्र थांबवलं.

बाईच्या हनुवटीवर हिरवट डाग होता. गोंदण. नाकात चमकी होती.

आईच्या हनुवटीवर गोंदण नव्हतं. आईचं नाक कधी टोचलंच नव्हतं.

"आजी," ईरा म्हणाली आणि शिकवल्याप्रमाणे बोट दाखवलं.

रुचाने चित्र मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. साडी आईचीच होती, जुनी, जांभळी, नारळी काठाची. ती आईने लग्नाच्या आठवडाभर आधी भागूबाईला देऊन टाकली होती, हे तिला आत्ता, या क्षणी आठवलं. खांबाशी भागूबाई होती. घरची धुणीभांडी करणारी, रुचाला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली भागूबाई.

"ही आई नाही," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खुर्चीतून उठून ते टीव्हीपाशी गेले आणि इतके जवळ उभे राहिले की पडद्यावरचं काही दिसणं शक्यच नव्हतं. त्यांच्या पाठीकडे पाहताना रुचाला वाटलं, आपण नवे डोळे आणि नवा टीव्ही देऊन या माणसाच्या घरातून काहीतरी उचलून नेलं. नऊ वर्षं. नऊ वर्षं आपण कुणाला हाक मारत होतो?

"बंद कर ते, मच्छिंद्र," बाबा म्हणाले.

मच्छिंद्र जागचा हलला नाही. "सर, जरा पुढं जाऊ द्या," तो हळू म्हणाला. "ताई, चालू करा."

अक्षता पडल्या. टाळ्या, सनई. मग पडदा निळा झाला. आणि त्यानंतर ते काळपट, थरथरणारं काहीतरी आलं, पण या वेळी ते अडकलं नाही आणि काळपटही नव्हतं. ओली शहाबादी फरशी होती. तुळशीवृंदावनाचा कोपरा, आडवा पडलेला तांब्या. आणि दोन पावलं, पाठवणीला आईच्या अंगावर होती ती हिरवी साडी घोट्यापर्यंत उचलून धरलेली. पाणी पसरत आलं तशी टाच उचलली गेली, टेकली. मग पावलं वळली आणि तीन ढांगांत चित्राबाहेर गेली. पुन्हा मांडव, पुन्हा पाहुणे.

वर सनई चालूच होती.

मच्छिंद्रने खाली बघतच सांगितलं. बॅटरी बदलायला तो कार्यालयाच्या मागे गेला होता. बाई तुळशीपाशी होत्या, तांब्या रिकामा होऊनही तशाच उभ्या.

"मला म्हनल्या, मच्छिंद्र, अक्षता पडल्या का? म्हनलं, पडल्या. म्हनल्या, मग आता पाह्यलं तर चालंल. कॅमेऱ्याचा पडदा असतो ना बाजूला उघडनारा, एवढासा," त्याने अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली, "त्याच्यावर कॅसेट मागं नेऊन दावलं. दोन्ही हातांत धरून पाह्यलं त्यांनी. दोनदा. कुनाला सांगू नको म्हनल्या. ते मागंपुढं करताना कॅसेट जरा कोरी राहिली, म्हनून निळं आलंय तिथं. आन् कॅमेरा परत घेताना माझ्याकडनं रेकॉर्डिंगचं बटन आधीच दाबलं गेलं, तोंड खाली असतानाच."

"मग हे काढून का नाही टाकलं?" रुचाने विचारलं.

"काढनार हुतो. पर सगळ्या कॅसेटी पाह्यल्या, तर बाई कुठंच न्हाईत. पंगतीत न्हाईत, पाठवनीला पदर तोंडावर." त्याने खाली पडलेली तार उचलली. "म्हनलं, पाय तरी राहू द्या."

रुचाने मागे नेलं. वर एका कोपऱ्यात आकडे सरकत होते, अकरा सेकंद. टाच उचलली, टेकली. पावलं वळली. तिने पुन्हा मागे नेलं. तिसऱ्या वेळी ती पुढे वाकली. डावं पाऊल सरळ पडत होतं. उजवं, प्रत्येक ढांगेला, आत वळत होतं.

जन्मभर साडीच्या निऱ्यांखाली झाकलेलं. सव्वीस वर्षं शाळेत जाऊन आलेलं. रुचाने कधी निरखून पाहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "आईचा पाय..."

"ती यायची तेव्हा बोळातून कळायचं," बाबा पडद्याकडे पाहत म्हणाले. "एक पाऊल वाजायचं, एक नाही."

मच्छिंद्र उठला, उरलेली तार गुंडाळून खोक्यात ठेवली आणि निघाला. प्लेअरचे पैसे विचारले तर तो म्हणाला, नंतर बघू. दारात चपला घालताना त्याने बाबांना वाकून नमस्कार केला, तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

ईरा या सगळ्याला कंटाळली होती. तिला जांभळी आजी हवी होती आणि ती मिळत नव्हती. मांडीवरून घसरून ती मागच्या दाराकडे पळाली, अंगणात, जिथे ऊन पडलं होतं. एक पाऊल सरळ, एक आत.

रुचाने सवयीने तोंड उघडलं. मग तसंच मिटलं, आणि ईरा दारातून दिसेनाशी होईपर्यंत ती पाहत राहिली.